बाबांच्या खोलीतला एसी

रोडपालीच्या त्या पाचव्या मजल्यावरच्या घरात त्या सकाळी दोन गोष्टी बंद पडल्या. एक बुधाजींचा श्वास आणि दुसरा बेडरूममधला एसी. पहिल्यावर इलाज नव्हता, म्हणून सगळं घर हात धुऊन दुसऱ्याच्या मागे लागलं.

बुधाजींच्या सुनेला, किशोरीला, सासूने उठवलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. सोनाबाई रडत नव्हती. "उठ गो," ती म्हणाली, "त्ये गेले." हॉलमधल्या सोफ्यावर झोपलेली किशोरी तशीच धावत आत गेली. सासरे भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडले होते, अंगावर गोधडी गळ्यापर्यंत ओढलेली. तिने कपाळाला हात लावला, तर ते अजून कोमट होतं. खोलीही कोमट होती, कोंदट. एसी बंद कसा, हा विचार तिच्या मनात आधी आला आणि सासरे गेले हा नंतर. या क्रमाची तिला पुढे फार लाज वाटली, पण आला तो असाच.

नवरा मस्कतला. भावेश तिथल्या बंदरात क्रेन चालवायचा आणि दोन वर्षांत घरी आला नव्हता. फोनवर त्याने आधी तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी येतो. मिळेल त्या विमानाने येतो. तोपर्यंत बाबांना नेऊ नका, किशोरी. दोन वर्षं मी त्यांना मोबाइलवरच बघतोय. एकदा तोंड बघू दे मला." तिने शब्द दिला. दुपारच्या विमानाचं तिकीट मिळालं. घरी पोहोचायला संध्याकाळ होणार होती.

डॉक्टर येऊन कागद देऊन गेले. उरणकडच्या गावाहून बुधाजींचे धाकटे भाऊ काशिराम जीप भरून माणसं घेऊन आले. बायकांनी खोलीत शिरताच गळा काढला. पुरुषांनी बुधाजींना पलंगावरून खाली, चटईवर घेतलं, पाय दक्षिणेला केले, उशाशी तांदळावर कणकेचा दिवा लावला. खोली इवलीशी. पलंग, कपाट आणि मधे हे आडवे झालेले बुधाजी; उभं राहायलाही जागा उरली नाही.

काशिरामकाकांनी किशोरीला पॅसेजमध्ये बोलावलं. "भावेश संध्याकाळचा येतंय म्हंतेस. दिवस मावळायच्या आत न्यायाला लागंल, त्ये ठीक हाय. पन मे म्हयना हाय, पोरी. दुपारपतूर..." जन्म मासळीत गेलेल्या माणसाला कोणती वस्तू उन्हाळ्यात किती टिकते हे कुणी सांगावं लागत नाही.

भाड्याने मिळणाऱ्या, गारवा ठेवणाऱ्या शवपेटीसाठी किशोरीने सकाळीच फोन लावले होते. एक पेटी कळंबोलीत गुंतलेली, दुसरी नवीन पनवेलात, तिसऱ्याने फोनच उचलला नाही. दवाखान्याच्या शवागाराचं नाव काढताच काकांनी कानावर हात ठेवले. "बेवारशावानी? आमचं मानूस घरातनंच जाईल." मग ते जरा घुटमळून म्हणाले, "बर्फ आनू का? धक्क्यावरनं दोन लाद्या आनायला कितीसा येळ."

"बर्फ नको," सोनाबाई आतून म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती नवऱ्याच्या पायाशी बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. "चाळीस वर्सं बर्फातच गेली त्यांची. आता बर्फ नको."

किशोरीला ते पटलं. बुधाजी होडीवर बर्फाच्या खणात उतरायचे, मासळीवर फावड्याने बर्फ ओढायचे. हातापायांचे सांधे त्यानेच गेले होते. अशा माणसाला शेवटी सुरमईसारखं बर्फावर ठेवायचं, म्हणजे विटंबनाच. घरात चांगला दीड टनाचा एसी आहे, भावेशने बापासाठी घेतलेला. तो चालू झाला की सगळं मानाने होईल. आता तो चालू करायचा, एवढंच तर काम.

म्हणून ती कामाला लागली.

रिमोट तिच्याच उशीखाली होता. तिने बटण दाबलं. एरवी 'टिंग' व्हायचं, झडप उघडायची. काही झालं नाही. तिने सेल काढून हॉलमधल्या घड्याळाचे घातले. रिमोटवर आकडे ठळक उमटले, पण वरची ती पांढरी पेटी ढिम्म. दाराशेजारच्या बोर्डात एसीचा खटका वर होता. तिने तो खाली करून पुन्हा वर केला. भिंतीवरचं एसीचं बटण चालूच होतं, त्यावर तिनेच लावलेली चिकटपट्टीही जागच्या जागी. स्टॅबिलायझरवर मात्र ना हिरवा दिवा ना लाल.

भावेशचा मस्कतच्या विमानतळावरून फोन आला. "सेल बघितले? खटका? आता खटका खाली करून पाच मिनिटं थांब, मग वर कर. स्टॅबिलायझरची पिन दाबून बघ." बाबांचा विषय निघाला की त्याचा आवाज फुटायचा, एसीचा निघाला की थाऱ्यावर यायचा. म्हणून तो एसीवरच बोलत राहिला, आणि किशोरीही मयताच्या उशाशी स्टुलावर चढून त्याला उत्तरं देत राहिली. गावाकडच्या बायका रडता रडता वर बघत होत्या. सुनेचं हे काय चाललंय, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट होतं.

"रात्री चालू होता ना?" भावेशने विचारलं.

"मीच लावला होता. तुम्हाला दाखवला की."

रोजचाच तो नेम होता. रात्री जेवणं झाली की भावेशचा व्हिडिओ कॉल. तो आधी म्हणायचा, "एसी दाखव." ती मोबाइल वर करून बावीसचा आकडा दाखवायची, मग खाली करून सासऱ्यांचा चेहरा. "कसं वाटतंय, बाबा?" "एकदम झ्याक!" बुधाजी हात वर करून म्हणायचे. त्यांना दम लागायचा. उन्हाळ्यात हवा गार ठेवा, असं डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं. शिवाय नव्याने या घरात आले तेव्हा "या खुराड्यात जीव गुदमरतो रं" हे बुधाजी स्वतःच लेकाजवळ बोलले होते. समुद्रावरचा माणूस, त्याला वारा हवा, म्हणून भावेशने ताबडतोब एसी बसवून घेतला. लेकाने परदेशातून पाठवलेल्या गारव्याला नको म्हणायचं तोंड बुधाजींना नव्हतं. त्यातून बर्फाच्या खणात उघड्या अंगाने उतरायच्या बढाया त्यांनी याच लेकाला जन्मभर ऐकवलेल्या. आता कोणत्या तोंडाने सांगणार, की मला थंडी वाजते?

फोन ठेवल्यावर किशोरी रिमोट घेऊन हॉलमध्ये झोपायला जायची. म्हातारी माणसं भलतंच बटण दाबून ठेवत, मग सकाळी गरम हवा नाहीतर नुसतं पाणी, आणि भावेशची बोलणी हिने खायची. एकदा सोनाबाईने भिंतीवरचं बटणच बंद केलं होतं. "असं करू नका हो आई, मशीन खराब होतं," असं म्हणून किशोरीने त्यावर चिकटपट्टी लावून टाकली. "जरा कमी कर गो, त्यांना सोसत नाय," असं सोनाबाई दोन-तीनदा म्हणाली, नाही असं नाही. पण बेलापूरच्या ऑफिसला सकाळी पोहोचायचं, घरचं करायचं, त्यात रात्री ही कटकट. "बाबा स्वतः सांगतात ना भावेशना, बरं वाटतं म्हणून," असं म्हणून किशोरी कूस बदलायची. त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. तिला वाटायचं, आपण नवऱ्याचा शब्द पाळतोय.

ऊन चढलं तसा मेकॅनिक आला. कल्पेश नावाचा, सोसायटीतल्या सगळ्यांचे एसी बघणारा. मे महिन्यात त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. शेजारच्या नीताने हातापाया पडून त्याला आणला होता. मयताचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बेडरूमच्या दारात येऊन तो थबकला, चपला काढल्या, हात जोडले आणि हत्यारांची पिशवी कुठे ठेवावी ते न कळून पोटाशी धरून उभा राहिला.

"वहिनी, हे... नेल्यावर करूया ना?"

"नेईपर्यंतच हवाय," किशोरी म्हणाली.

त्याने पिशवी दारातच ठेवली आणि कामाला लागला. बुधाजींच्या डोक्याशी एक पाय, दाराच्या उंबऱ्यावर दुसरा, असा तोल सांभाळत त्याने बोर्डाला टेस्टर लावला. "इथे करंट आहे." स्टॅबिलायझर उघडला. "इथे नाही. रात्री लाईट गेली होती का?"

"हो," किशोरीला आठवलं. "पहाटे थोडा वेळ. पंखा थांबला म्हणून मला अर्धवट जाग आली होती."

"मग झटका बसला असेल."

"लाईट कुठे गेली?" दारातून नीता म्हणाली. "मी पहाटे पाणी भरायला उठले होते. आमच्याकडे तर होती."

किशोरीने त्याकडे लक्ष दिलं नाही. कल्पेशने बोर्ड ते स्टॅबिलायझर अशी नजर फिरवली. मधली वायर खालून, पलंगामागच्या भिंतीच्या कडेने गेली होती. "पलंग ओढायला लागेल."

पलंग ओढायचा तर मयत हलवायला हवं. काशिरामकाका दारातूनच गरजले, "एकदा भुईवर घेतला तो घेतला! आता उचलायचा तो खांद्यावरच." कुणी त्यांच्याशी वाद घातला नाही. मग कल्पेशने बोर्डावरचा खटका खाली केला आणि पलंगावरूनच हात घालून बघायचं ठरवलं. गादीवर बुधाजींच्या अंगाचा खोलगट ठसा तसाच होता. तो बिचारा क्षणभर त्या ठशाकडे बघत राहिला, मग डोळे मिटून त्यावर पालथा झाला आणि मोबाइलचा उजेड भिंतीच्या फटीत पाडला.

"सापडलं. वायर तुटलीये. उंदराने..." तो थांबला. "नाही वहिनी. उंदीर नाही हा. तुम्हीच बघा."

किशोरी गुडघ्यांवर पलंगावर चढली आणि वाकून बघितलं. वायर सुरीने कापली होती, एका घावात, बोंबील कापतात तशी साफ. कापलेल्या दोन्ही टोकांवर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला होता आणि त्यावर निळ्या नायलॉनच्या दोऱ्याची गाठ होती. कुणाच्या हाताला करंट लागू नये म्हणून. ती गाठ किशोरीने या घरात हजारदा बघितली होती. गाव सुटलं तरी सोनाबाईचं गॅलरीत बसून जाळी शिवणं सुटलं नव्हतं. तसली गाठ घरात दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

पहाटे पंखा थांबला होता. लाईट गेली नव्हती. सोनाबाईने मेन बंद केला होता, गावात वादळाच्या रात्री करतात तसा.

ती वळली. सोनाबाई तिच्याकडेच बघत होती.

"आई, तुम्ही?"

"मीच," सोनाबाई म्हणाली. बायकांचं रडणं थांबलं. "त्यांचे दात वाजत व्हते. दोन गोधड्या घातल्या, माझं लुगडं घातलं, तरी वाजत व्हते. मी बोललो, किशोरीला उठवतो. त्ये बोलले, नको, पोर दमून झोपलंय, आन भावेशला कळंल. बटनाची पट्टी काडली तर तुमाला कळलं असतं. मंग मी मेन पाडला, सुरी घेतली. घटकाभरात खोलीतली थंडी सरली. त्ये बोलले, आता बरं वाटतं गो. आन झोपले."

ती एवढंच बोलली. आवाज चढवला नाही, बोट दाखवलं नाही. तिने शिव्या दिल्या असत्या, तर किशोरीला रडता तरी आलं असतं.

कल्पेश पलंगावर अवघडून बसला होता. "वहिनी, पाच मिनिटांचं काम आहे. जोडू का?"

खोलीतली हवा आता खरोखरच जड झाली होती. बायकांनी नाकाला पदर लावले होते, रडायच्या निमित्ताने. काशिरामकाकांनी खिडकीबाहेर बघितलं. कर्नाळ्याचा सुळका उन्हात पांढुरका पडला होता. "भावेशला फोन कर," ते हळूच म्हणाले. "सांग, आमी नेतो. गेलेल्या बापाला समजंल सगलं."

भावेश तेव्हा विमानात होता. फोन लागणार नव्हता. तो मान खाली घालून बसला असेल, आणि आपली बायको शब्द पाळेल, एवढ्याच भरवशावर बसला असेल.

"आई," किशोरी म्हणाली, "जोडायला सांगू का?"

"मला इचारतंस?" सोनाबाई म्हणाली. "रातचं कवा इचारलंस?"

किशोरीला दोन्ही बाजूंनी कापल्यासारखं झालं होतं. मेलेल्या माणसाला थंडी वाजत नाही, हे तिला कळत होतं. जिवंत असताना वाजत होती, हेही आता कळत होतं, आणि त्याचं काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं. ज्याच्यासाठी अजून काही करता येण्यासारखं होतं, तो माणूस विमानात बसला होता.

"जोडा," ती कल्पेशला म्हणाली.

त्याने वायर जोडली, पट्टी गुंडाळली, खटका वर केला. 'टिंग' झालं. झडप उघडली आणि गार हवेचा झोत खाली आला. कणकेचा दिवा फडफडला आणि विझला. काकांनी तो पुन्हा लावून आडोशाला वाटी ठेवली. बायकांनी पदर अंगाभोवती ओढून घेतले. कल्पेश पिशवी उचलून, कुणाकडे न बघता, चपला हातात घेऊनच जिन्याने उतरला.

सोनाबाई उठली. पलंगावरची गोधडी घेतली आणि नवऱ्याच्या अंगावर घातली. पायांखाली दुमडली, खांद्याशी नीट केली, तान्ह्या पोराला करतात तशी. मग पुन्हा पायाशी बसली.

जाड गोधडीच्या आत गारवा पोहोचणार नव्हता. काकांना ते कळत होतं, बायकांना कळत होतं. सगळे किशोरीकडे बघत राहिले, कारण शब्द तिने दिला होता. ती पुढे झाली आणि खाली बसली. तिने गोधडीचं टोक धरलं. "आई, माफ करा," ती म्हणाली, आणि तिने गोधडी काढून घेतली. सोनाबाईने अडवलं नाही. तिने फक्त तोंड फिरवलं. किशोरी ती गोधडी मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिली आणि मग मात्र तिला हुंदका आवरला नाही. बायकांना वाटलं, सून आत्ता कुठे सासऱ्यासाठी रडली. ते खरंही होतं.

भावेश पोहोचला तेव्हा उन्हं कलली होती. बॅग दारातच टाकून तो आत आला आणि खोलीतल्या गारव्याने थबकला. "चालू झाला," तो किशोरीला म्हणाला. "काय झालं होतं?"

"वायर तुटली होती."

"बरं केलंस," तो म्हणाला. "फार बरं केलंस." आणि मग त्याचा बांध फुटला. तो बापाच्या छातीवर पडून रडला, चेहऱ्यावरून हात फिरवत राहिला. त्याला जे बघायचं होतं ते बघायला मिळालं. उठताना त्याने पाय धरले आणि दचकून हात मागे घेतला. "आई गं," तो म्हणाला, "बाबा किती गार पडलेत."

"आज नाय पडले, बाला," सोनाबाई म्हणाली. "लय दिस झाले."

भावेशने आईकडे बघितलं. म्हातारी दुःखाने काहीबाही बोलतेय, असं त्याला वाटलं. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. किशोरी भिंतीला टेकून उभी होती. ती बोलली असती, पण तेवढ्यात काकांनी पुरुषांना हाक मारली, बाहेर तिरडी तयार होती.

बुधाजींना नेलं. जिन्यावरचे आवाज खाली खाली जात विरले. बायका गॅलरीत गेल्या. खोलीत पलंग, तांदळावरचा दिवा आणि दोघीच. वरून हवा येतच होती.

"तो डबा दे इकडं," सोनाबाई म्हणाली.

किशोरीने रिमोट तिच्या हातात दिला. सोनाबाईने तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. "बंद कुटलं?"

"हे. वरचं, लाल."

मासळी कापून कापून चिरा पडलेला अंगठा सोनाबाईने त्या बटणावर ठेवला आणि दाबला. 'टिंग' झालं. झडप हळूहळू मिटली, आवाज थांबला. सोनाबाई बराच वेळ वर बघत राहिली, मग हातातल्या रिमोटकडे.

"येवढंच व्हतं?" तिने विचारलं.

"हो, आई," किशोरी म्हणाली. "एवढंच होतं."